जुनी फोर-बाय-फोर जीप गायमुखच्या घाटात तापते: दुरुस्तीची सुरुवात कुठून करावी?

घोडबंदरवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. वडिलांनी ती हौसेने घेतली होती, आता ती मी सांभाळतो. पंधरा वर्षे उलटल्यापासून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण वेळच्या वेळी करून घेतले आहे. इंजिन मूळचेच, २११२ सीसीचे डिझेल आहे. फोर-बाय-फोरचा गिअर व्यवस्थित पडतो, आणि महिन्यातून तीन-चार वेळा तरी गाडी बाहेर निघते.

गेल्या दोन उन्हाळ्यांपासून गाडी तापू लागली आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने जाताना काटा मधोमध असतो आणि तासभर चालवली तरी हलत नाही. मात्र संध्याकाळी गायमुखच्या घाटात कंटेनरच्या मागे अडकलो की पंधरा मिनिटांत काटा लाल पट्ट्याच्या जवळ पोहोचतो. दुसरी जागा म्हणजे माळशेज. सावर्ण्याच्या पुढे चढण लागली आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढू लागली की तोच प्रकार होतो. शिवाय दर आठवड्याला रेडिएटरमध्ये अर्धा लिटर तरी पाणी घालावे लागते. ते पाणी मी सोसायटीच्या नळाचे घालतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात बहुतेक पाणी टँकरचे असते.

एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापले की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकून इलेक्ट्रिक पंखा बसवायला सांगितले. दुसऱ्याच्या मते हेड (इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग) उतरवून त्याखालचे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, बदलल्याशिवाय इलाज नाही. दोघांनीही रेडिएटरचे झाकण उघडून पाहिले नाही, म्हणून मी थांबलो आहे. आपल्याकडे बर्फ कधी पडत नाही, तरी कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्रव) खरोखर लागते का? आणि जुना पितळी रेडिएटर दुरुस्त करावा की नवा अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा? वडिलांची गाडी आहे, ती घाईने खोलून बिघडवायची नाही. जाणकारांनी कृपया क्रमवार सांगावे.

---

ऐरोलीचा निवृत्त फिटर (प्रतिसाद)

नमस्कार. आपण थांबलात हे फार चांगले केलेत. हेड उतरवण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो, आणि तोही चाचणीत दोष सिद्ध झाल्यावरच. माझी पस्तीस वर्षे डिझेल इंजिनांवर गेली, त्या अनुभवातून लिहितो. उत्तर लांबेल, पण घाईत चुकीचा भाग बदलण्यापेक्षा ते वाचलेले बरे.

गाडी कुठे तापते यावरून अर्धे निदान होते. डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली पाण्याला वाहून न्यावी लागते. उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, त्यामुळे सगळा भार पंख्यावर पडतो. म्हणून वाहतूक कोंडीत गाडी तापली तर आधी हवेकडे पाहावे: पंखा, त्याचा पट्टा, पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती. चढणीवर भार येऊन तापली तर पाण्याकडे पाहावे: रेडिएटरच्या नळ्या चोंदल्या आहेत का, वॉटर पंपाचे पाते झिजले आहे का, थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो का. आपली गाडी दोन्ही ठिकाणी तापते आणि वर पाणीही खाते. याचा अर्थ बहुधा एकच मोठा दोष नसून दोन-तीन मध्यम दोष एकत्र आले आहेत, आणि सपाट रस्त्यावर समोरचा वारा त्यांना झाकून घेतो.

एक साधी परीक्षा पुढच्या कोंडीतच करून पाहा. काटा चढू लागला की न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून इंजिन मिनिटभर जरा वेगात फिरू द्या. काटा उतरू लागला, तर पंखा संथ फिरत असताना पुरेशी हवा खेचत नाही हे कळेल.

आता पाणी कुठे जाते ते शोधू या. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, वॉटर पंपाच्या खालच्या बाजूचे छोटे छिद्र बॅटरीच्या उजेडात पाहा. आतले सील गेले की तिथून थेंब सुटतो आणि गरम इंजिनावर वाळून पांढरट-हिरवट पापुद्रा उरतो. ओले दिसले नाही तरी तो पापुद्रा पुरेसा पुरावा आहे. पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. बेअरिंगमध्ये खेळ जाणवला तर पंप बदलण्याशिवाय गत्यंतर नाही, कारण बेअरिंग तुटले तर पंखा थेट रेडिएटरमध्ये घुसतो. खालचा होज पाइप दाबून पाहा. त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते, कारण पंप त्या बाजूने पाणी शोषतो आणि स्प्रिंग गंजून गेली असेल तर इंजिन वेगात असताना पाइप आतल्या आत चिमटतो. हा दोष उभ्या गाडीत दिसत नाही, चढणीवर मात्र नेमका नडतो.

रेडिएटरचे झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ते पाणी झाकण्यासाठी नसून दाब धरण्यासाठी असते. दर एक पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने चढतो, त्यामुळे सात पीएसआयचे झाकण ठीक असेल तर साधे पाणीसुद्धा ११० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली की तेच पाणी शंभरालाच उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जाते, आणि मालक दर आठवड्याला अर्धा लिटर भरत राहतो. झाकणात दुसरी छोटी झडपही असते. इंजिन थंड होताना ती उघडली नाही तर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. पुस्तिकेत दिलेल्या दाबाचेच झाकण घ्या. जास्त दाबाचे घेतले तर जुन्या रेडिएटरचे सांधे फुटतात.

आपण पाणी किती वर भरता तेही पाहा. जुन्या पद्धतीच्या रेडिएटरला बाजूची बाटली नसते. थंड पाणी तापून नव्वदीला गेले की ते तीन ते चार टक्के फुगते, म्हणजे दहा लिटरमागे तीन-साडेतीनशे मिलिलिटर. गळ्यापर्यंत काठोकाठ भरलेत तर तेवढे पाणी सांडणारच, आणि दुसऱ्या दिवशी पाणी कमी दिसले की ते गळतीचे लक्षण वाटते. दोन बोटे जागा सोडून भरा आणि दोन आठवडे पातळी टिपून ठेवा.

गॅस्केटची शंका फेडण्यासाठी हेड उतरवावे लागत नाही. थंड इंजिनाचा फॅन बेल्ट काढा, म्हणजे पंपाची खळबळ होणार नाही. झाकण काढून पाणी गळ्यापर्यंत भरा आणि इंजिन अर्धा-पाऊण मिनिटच चालवा. चेहरा दूर ठेवा. बुडबुडे सतत येत असतील आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. पाणी शांत राहिले, ऑइलच्या डिपस्टिकवर दुधी फेस नसला आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा टणक होत नसला, तर गॅस्केटचा विचार तूर्त सोडून द्या.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. डिझेल इंजिन सतत थंड चालले तर सिलिंडरच्या भिंतींची झीज वाढते, धूर वाढतो आणि डिझेलही जास्त जाते. त्याशिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याचीच खालची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा, रस्ता बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात फिरतो, म्हणजे ज्या आजारासाठी काढला तोच वाढतो. थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. साधारण ८२ अंशांना तो उघडू लागला आणि ९५च्या आसपास पूर्ण उघडला तर निर्दोष समजा. त्यावर कोरलेला आकडा वाचून खात्री करा.

गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. पहिल्याने हात-तोंड भाजते, दुसऱ्याने हेडला तडा जातो. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे.

---

खारघरचा भटक्या (प्रतिसाद)

वरच्या प्रतिसादातील प्रत्येक वाक्याशी सहमत आहे. मी जुनी जिप्सी वापरतो आणि दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट म्हणजे काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. माझ्या गाडीत काटा लाल पट्ट्याकडे जायचा आणि मी सहा महिने रेडिएटरच्या मागे लागलो होतो. शेवटी लक्षात आले की हेडलाइट लावल्यावर काटा चढतो आणि बंद केल्यावर उतरतो. दोष अर्थिंगच्या गंजलेल्या तारेत होता. दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. चकचकीत पितळेवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या टाकीवर काळ्या मॅट रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर मोजा. इंजिन पूर्ण तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर ओळीने डावीकडून उजवीकडे मोजत जा. वरून खाली पाणी वाहणाऱ्या रेडिएटरमध्ये एखादा उभा पट्टा शेजारच्यापेक्षा बराच थंड असेल, तर त्या पट्ट्यातल्या नळ्यांतून पाणी वाहतच नाही.

दुसरी गोष्ट कूलंटची. बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा समज चुकीचा आहे. आपल्या हवेत कूलंटचे मुख्य काम गंज रोखण्याचे आहे. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी किती जड असते ते घरातल्या गिझरच्या कॉइलवरून कळते. तोच पांढरा थर इंजिनच्या आत बसतो आणि उष्णता अडवतो. मात्र ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, जितके जास्त तितके चांगले, असेही नाही. साधे पाणी उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणून ठाण्या-पनवेलच्या हवेत ४० टक्के कूलंट आणि ६० टक्के डिस्टिल्ड वॉटर पुरते, पन्नासच्या वर तर जाऊच नका. पितळी रेडिएटर आणि शिशाचे सांधे असतील तर पारंपरिक पद्धतीचे, दर दोन वर्षांनी बदलायचे कूलंट घ्या. डब्यावर तांबे, पितळ व सोल्डरसाठी योग्य असल्याचे लिहिलेले असते ते वाचा. नुसता रंग पाहून निवडू नका, कारण रंगाला कोणतेही प्रमाण नाही, आणि दोन जातींची कूलंट एकत्र मिसळू नका.

---

पाचपाखाडीकर (प्रतिसाद)

इलेक्ट्रिक पंख्याबद्दल वेगळे मत मांडतो. माझ्या जुन्या डिझेल जीपला तो बसवून चार वर्षे झाली. कोंडीत इंजिन कितीही संथ असले तरी पंखा पूर्ण वेगाने फिरतो, आणि तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंतच्या रोजच्या रखडपट्टीत मला त्याचा स्पष्ट फायदा झाला. पावसाळ्यात ओढ्यातून जाताना स्विचने बंद करता येतो हेही सोयीचे आहे, नाहीतर पंख्याची पाती पाण्यात वाकून जाळीला घासतात. मला वाटते, मूळ व्यवस्थेचा हट्ट न धरता हा पर्याय विचारात घ्यावा.

---

ऐरोलीचा निवृत्त फिटर (प्रतिसाद)

आपला अनुभव खरा आहे आणि पंख्याला माझा विरोध नाही. तो आधी बसवण्याला आहे. असा पंखा १५ ते २० अँपिअर खेचतो. जुन्या गाडीचे अल्टरनेटर, वायरिंग आणि फ्यूज तेवढ्यासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे रिले (जास्त वीज सांभाळणारा स्विच), जाड तार आणि स्वतंत्र फ्यूज नसेल तर आगीचा धोका आहे. चोंदलेल्या रेडिएटरवर कितीही हवा मारली तरी ज्या नळ्यांत पाणी नाही त्या थंड होऊन उपयोग काय? मूळ पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर जागेवर आहे का, हे आधी पाहावे. घेर नसेल तर पंखा आपल्यासमोरच्या वर्तुळापुरतीच हवा खेचतो, जाळीचे कोपरे कोरडे राहतात आणि बरीचशी हवा पात्यांच्या टोकांवरून मागच्या मागे फिरते. घेर असा बसवावा की पात्यांची निम्मी रुंदी त्याच्या आत आणि निम्मी बाहेर राहील.

रेडिएटरचे विचारलेत म्हणून सांगतो, पितळीच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो आणि कामही चांगले करतो, पण माळशेजच्या वाटेवर गळू लागला तर मुरबाडला तो जोडून देणारा सापडणे कठीण. पितळेला डाग (सोल्डर) देणारा कुठेही भेटतो.

---

घोडबंदरवासी (पाच आठवड्यांनंतर)

मंडळी, उशिराबद्दल क्षमा असावी. सांगितलेल्या क्रमाने एकेक करत गेलो, म्हणून वेळ लागला.

बुडबुड्यांची चाचणी दोन वेळा केली. पाणी शांत राहिले, डिपस्टिकही स्वच्छ होती, त्यामुळे हेडला हात लावला नाही. पंपाखालच्या छिद्राभोवती आपण लिहिलात तसा पापुद्रा नखाने खरवडता येईल इतका जाड होता. झाकणाचे रबर वाकवताच त्यावर वाळक्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. पत्र्याचा घेर गाडीला नव्हताच. वडिलांना विचारले तेव्हा त्यांना आठवले की बारा-पंधरा वर्षांपूर्वी रेडिएटर उतरवला होता, आणि तो घेर परत लावलाच नव्हता. तो आमच्या गच्चीवरच्या खोलीत जुन्या टायरच्या मागे सापडला.

काळे ठिपके देऊन मोजले. वरची टाकी ८६ अंशांवर असताना जाळीचा उजवीकडचा जवळपास एक तृतीयांश पट्टा ५५च्या आसपास होता. रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाग सोडवून उघडली तेव्हा त्या बाजूच्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा चुना आणि तांबूस गंज यांचा खडूसारखा घट्ट थर होता. सळई घालून नळ्या साफ करता येतील का ते त्याने पाहिले, पण चार-पाच नळ्या फुटतील असे सांगितल्यावर तितक्याच ओळींचा नवा तांब्या-पितळेचा कोर, म्हणजे नळ्या-जाळीचा मधला भाग, घालून घेतला. टाक्या मूळच्याच ठेवल्या.

इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूचा, पाणी सोडायचा ड्रेनचा बोल्ट काढला तर एक थेंबही आला नाही. तारेने डिवचल्यावर आधी चमचाभर घट्ट चिखल पडला आणि मग दाट चहाच्या रंगाचे पाणी भळाभळा वाहू लागले. नुसता रेडिएटरचा खालचा कॉक उघडून पाणी बदलले असते तर हा सगळा गाळ आतच राहिला असता. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले, शेवटच्या दोन वेळा डिस्टिल्ड वॉटरने.

आता प्रश्न असा की धुतलेले थोडे पाणी ब्लॉकमध्ये राहतेच. मग ४० टक्के प्रमाण नेमके कसे साधावे?

---

खारघरचा भटक्या (प्रतिसाद)

एकूण मावते त्याच्या ४० टक्के इतके न मिसळलेले कूलंट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. आत राहिलेले पाणी डिस्टिल्डच असल्याने ते आपोआप हिशोबात येते. तयार मिश्रणाचा डबा घेतलात तर मात्र ते पातळ होईल. भरताना गाडीचे नाक चढावर ठेवा, झाकण काढून इंजिन संथ चालू द्या आणि वरचा पाइप अचानक गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, थांबा. त्या वेळी अडकलेली हवा निघते आणि पातळी एकदम खाली जाते, तेवढे भरून झाकण लावा. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड असते आणि सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना थोडेसेही जीवघेणे ठरते. जुने कूलंट गटारात ओतू नका.

---

घोडबंदरवासी (प्रतिसाद)

आभारी आहे. दहा लिटर मावतात असे मोजून निघाले, त्यात चार लिटर कूलंट घातले. फिटर काकांच्या सांगण्यावरून बाजूला एक बाटलीही बसवली. ओव्हरफ्लोची नळी बाटलीच्या तळाशी, द्रवात बुडलेली ठेवली आहे, आणि गळ्यावरही रबर असलेले योग्य दाबाचे झाकण घेतले आहे, त्यामुळे फुगून बाहेर गेलेले कूलंट गाडी थंड झाल्यावर परत आत ओढले जाते.

नवा पंप, दोन्ही होज पाइप, नवा बेल्ट आणि गच्चीवरून आणून रंगवलेला मूळचा घेर बसवून पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी मुद्दाम गायमुखला गेलो. पन्नास मिनिटे रांगेत होतो. काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच राहिला. त्यानंतरच्या रविवारी वडिलांना शेजारी बसवून माळशेज केले. सावर्ण्यापासून वरच्या बोगद्यापर्यंत भर दुपारी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढली आणि वर पोहोचताच बॉनेट उघडून काळ्या ठिपक्यावर मोजले तेव्हा आकडा ९४ होता. थर्मोस्टॅट मूळचाच आहे, पातेल्यातल्या परीक्षेत ८३ अंशांना उघडू लागला होता. इलेक्ट्रिक पंख्याची गरज तूर्त दिसत नाही.

बाटलीतली पातळी तीन आठवडे खडूच्या खुणेवरच आहे. कूलंट भरल्याची तारीख आणि जात वडिलांनी पांढऱ्या रंगाने रेडिएटरच्या वरच्या टाकीवर लिहिली आहे, म्हणजे दोन वर्षांनी गाडी कुणाच्याही हातात असली तरी काय ओतायचे ते त्याला बॉनेट उघडताच दिसेल.